डब्बा, कोठार आणि उलटी पाटी

दिवाळी अंकवाले भाऊ घरी आले आणि म्हणाले, मुन्शीजी, ट्रक अड्ड्यावर जिंदगी काढली तुम्ही, कोळशाच्या रस्त्यावरचे दोन-चार झणझणीत किस्से लिहून द्या. अपघात, भूत, ढाब्यावरची मारामारी, असं काही. मी म्हणालो, लिहीन तर डाटाबेसवर लिहीन. ते हसले. त्यांना वाटलं बुढा मजाक करून राहिला. अपघात मी पाहिले, मारामाऱ्या सोडवल्या, भूत काही मला भेटलं नाही. पण आमचा अड्डा मेला तो यातल्या कशानंच नाही. तो मेला एका लहानशा वेबसाइटसाठी डाटाबेस निवडताना, आणि मी तिथंच खुर्चीवर बसून होतो.

माझं शिक्षण चौथी. तीही पुरी म्हणता येत नाही, कारण परीक्षेच्या वेळी मी क्लीनर होऊन चंद्रपूरच्या रस्त्याला लागलो होतो. पुढं ड्रायव्हर झालो, पाय मोडला, मग अड्ड्यावर मुन्शी झालो. हे सारं टाइप करून देणारी अश्विनी, तिचं नाव पुढं येणारच आहे. तिनं मधे मधे माझे शब्द सुधारायचा प्रयत्न केला. मी चप्पल घालायला लागलो तेव्हा थांबली. म्हणून जे चुकलं असेल ते माझं आहे, आणि मला ते चुकलं वाटत नाही.

आधी धंदा सांगतो, कारण वाचणाऱ्यांत पुण्या-नागपूरचेही असतील. वणीच्या भोवती कोळशाच्या खाणी. कोळसा तिथून रेल्वेच्या सायडिंगवर जातो, कारखान्यांत जातो, आणि तो नेतो ट्रक. ज्याच्या दारात गाड्यांची रांग उभी आहे त्याला ठेका भेटतो. ज्याच्याजवळ एकच गाडी, त्याला कुत्रं विचारत नाही. म्हणून एकएक गाडीवाल्यांनी मिळून संघटना केली. भाडं संघटनेकडं यायचं आणि संघटना ते पाळीनं वाटायची. या पाळीला आम्ही नंबर म्हणायचो. खेप टाकून परत आला की तुमचा नंबर शेवटी लागला. पुढच्या गाड्या सुटल्या की तुम्ही वर सरकले. यात अक्कल काहीच नाही. इमान तेवढं लागते.

नंबर दिसावा म्हणून शेडमध्ये लाकडाची लांब फळी होती. तिला खिळे, आणि खिळ्यांवर गाडीचा आकडा रंगवलेल्या पत्र्याच्या पाट्या, एका गाडीची एक. मुन्शीचं काम म्हणजे स्टुलावर चढून पाट्या सरकवणं आणि पुकारणं. ज्याचा नंबर आला त्याला तीनदा पुकारायचं. तीनदा पुकारून हजर नाही तर नंबर गेला, पाटी शेवटच्या खिळ्यावर. असा लागोपाठ नंबर जात राहिला तर नाव संघटनेतूनच कटलं. आणि कटलेलं नाव परत येणं नाही, कारण गाड्या जास्त अन् कोळसा कमी, नवीन नाव घेणं केव्हाचं बंद झालेलं. नियम कडक होता. कडक होता म्हणूनच टिकला.

पण त्या नियमाला एक भोक होतं आणि ते जाणून-बुजून ठेवलेलं होतं. कोणाच्या घरी मयत झाली तर मुन्शी त्याची पाटी उलटी टांगायचा, आकडे डोकं खाली, पाय वर. उलट्या पाटीला पुकारायचं नाही. ती सरकत सरकत पहिल्या खिळ्यावर येऊन थांबायची, बाकीच्या गाड्या तिच्या बाजूनं पुढं जायच्या, आणि घरचं कार्य उरकून गाडी आली की पुढची खेप तिची. मग ते कार्य तेरवीचं असो, चाळिसाव्याचं असो की पुण्यानुमोदनाचं. पाटीला हात लावण्याआधी मुन्शी स्टुलावर उभा राहून साऱ्या अड्ड्याला मोठ्यानं विचारायचा, "अमक्याची पाटी उलटी करतो, कोणाची हरकत?" कार्य झाल्यावर सुलटी करतानाही तसंच विचारायचा. मुन्शीनं फक्त विचारायचं, हरकत घ्यायची गाडीवाल्यांनी. माझ्या काळात कोणी घेतली नाही. सारे गप राहायचे, कोणी टोपी काढायचा, कोणी हातातली बिडी विझवायचा. ती शांतता मला चांगली वाटायची. दिवसभर एकमेकांच्या आया-बहिणी काढणारी माणसं तेवढ्यापुरती माणसं व्हायची.

नाही म्हणायला एकानं फायदा घेऊन पाहिला. माझ्या आधीच्या मुन्शीला सारे चाचा म्हणत, त्यांच्या वेळची ही गोठ. बंडू नावाचा एक गाडीवाला होता. त्याला साळीच्या लग्नाला जायचं होतं आणि नंबर तर तोंडाशी आलेला. आला तो डोळे चोळत. "चाचा, माय गेली." चाचांनी विचारून पाटी उलटी केली. दुसऱ्या दिवशी एक बुढी फडक्यात भाकरी बांधून अड्ड्यावर हजर.

"बंड्या कुठी हाय वो? भाकर न घेताच निंघून गेला मेला."

चाचा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बसा माय. काल तुमच्यासाठी साऱ्यानं टोप्या काढल्या, आज च्या पिऊन जा."

बुढीनं त्या दिवशी पोराच्या नावानं जे ऐकवलं ते छापता येणार नाही. बंडूला पुढं सारे 'मायगेला' म्हणूनच हाक मारत. त्याची माय त्यानंतर पुष्कळ जगली. पण खोटी पाटी परत कोणी मागितली नाही. अड्ड्यावर हसं होण्यापेक्षा लोकांना नंबर गेलेला चालते.

मग मोबाइल आले. पोरं म्हणायला लागली, नंबर पाहायसाठी अड्ड्यावर मुक्काम कायले करायचा, मुकुटबनला घरी बसून दिसला पाहिजे. मागणी खरी होती. मी तिला विरोध केला नाही, हे लिहून ठेवतो, कारण आजकाल लोक सांगतात की मुन्शी वेबसाइटच्या आडवा गेला. मी वेबसाइटच्या आडवा गेलो नाही. डाटाबेसच्या आडवा गेलो.

काम दिलं अश्विनीला. ही मारोती ड्रायव्हरची पोट्टी. मारोती आणि मी एका गाडीवर होतो. पोट्टी कॉम्प्युटर शिकली आणि वणीतच घरी बसून बाहेरच्यांची कामं करते. ती पहिले तीन दिवस काहीच न करता फळीखाली बसून राहिली. मी विचारलं, "काहून व, काम केव्हा सुरू करतं?" तर म्हणे, "हेच काम हाय काकाजी. पाटी काहून हालते ते समजल्याबिगर डाटाबेस कसा निवडू?" तेव्हाच मला ती पटली. उलट्या पाटीचं तिनंच विचारलं. वहीत लिहून घेतलं.

मग शेडमध्ये मीटिंग झाली. अध्यक्ष भास्करराव मधोमध. भास्करराव एकेकाळी आमच्यासारखेच एका गाडीचे धनी. नवीन नावं बंद व्हायच्या आधीच घरातल्या एकेकाच्या नावानं एक-एक गाडी करत त्यांनी सारं घरच संघटनेत बसवलेलं. माणूस वाईट नव्हता. शेडवरचे टिन त्यांनीच टाकून दिले. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीत मोठं ते चांगलं वाटायचं.

अश्विनीनं तीन डाटाबेस समजावून सांगितले. त्यांची इंग्रजी नावं माझ्या जिभेला वळत नाहीत, म्हणून मी माझी नावं ठेवली. डाटाबेस म्हणजे काय तर वेबसाइटची फळी. वेबसाइट ही नुसती खिडकी. खिडकीतून जे दिसते ते आत कुठंतरी टांगलेलं पाहिजे, तो डाटाबेस.

पहिला डब्बा. एकच फाइल. वेबसाइटच्या बाजूलाच ठेवली की झालं. वाचणारे कितीही येवोत, लिहिणारा एका वेळी एकच. दुसरा आला तर त्याला जराकसं थांबवते. सांज झाली की ती फाइल उचलायची, पेनड्राइव्हवर टाकायची, खिशात घालून घरी जायचं. दुसरं कोठार. हे वेगळ्या मशीनवर, त्याचा वेगळा दरवाजा, वेगळी किल्ली. शेकडो जण एकाच वेळी लिहू शकतात, पण त्याला राखणदार लागते. तिसरं गाठोडं. यात खाने नसतात, ज्याच्या नोंदीत जे वाटलं ते कोंबायचं. हे अश्विनीनंच बाद केलं. म्हणे, नंबर म्हटला की साऱ्याचे खाने सारखे पाहिजेत, नाहीतर एकाच्या नोंदीत एक अन् दुसऱ्याच्या नोंदीत भलतंच, आणि मग भांडणं.

"माह्या मतानं पहिलाच बरा," ती म्हणाली. "लहान वेबसाइटसाठीच असते तो. लिहिणारे एकटे काकाजी, बाकीचे तं पाहणारेच."

तिथं ती चुकली. डाटाबेसमध्ये नाही, माणसांत. 'लहान' म्हणाली.

भास्करराव खुर्चीत सरळ झाले. "पोरी, आपली संघटना लहान हाय काय?"

"संघटना नाही जी, वेबसाइट लहान हाय. एक पान तं दाखवाचं हाय."

"यातला मोठा कोनता?"

"मोठा दुसरा. पन त्याले..."

"पन काहून? चंद्रपूरच्या संघटनेवाले उद्या इचारतीन, तुमचा डाटाबेस कोनता, तं मी काय सांगू? डब्बा?"

सारे हसले. मागून कोणीतरी बोललं, "पंगत मोठी अन् गंज लहान, असं नको व्हाले भाऊ." झालं. आमच्याकडं लग्नात जेवण उरलं तरी चालते, रांधायचा गंज लहान दिसला नाही पाहिजे. त्या दिवशी डाटाबेस त्याच हिशेबानं निवडला गेला. ज्यांना आपल्या गाडीत डिझेल किती जाते ते थेंबानं ठाऊक, त्यांनी एका पानाच्या वेबसाइटसाठी कोठार मागितलं, कारण डब्बा म्हणायची लाज.

मी उठलो. "पोरी, हा मोठा डाटाबेस राती झोपते कुठी?"

"भाड्याच्या सर्व्हरवर, काकाजी."

"अन् किल्ली?"

"ज्याच्या नावानं घेतला त्याच्याजवळ."

"अन् डब्बा कुठी झोपते?"

"डब्बा तुमच्या खिशात बी झोपते."

"मंग मले डब्बा पाह्यजे."

भास्करराव म्हणाले, "मुन्शीजी, तुमाले तं मोबाइल बी बटनाचाच पाह्यजे." परत हसू. बटनाचा मोबाइल माझ्याजवळ होता आणि अजूनही आहे. तो पडला तर फुटत नाही.

कोठाराची व्यवस्था होईपर्यंत अश्विनीनं डब्ब्यावर वेबसाइट चालू करून दिली. कापूस वेचायला निघाला तेव्हा लावली, तूर कापेपर्यंत ती चालली. तिनं त्यात 'थांबला' म्हणून एक वेगळा खाना केला, उलट्या पाटीसाठी. त्या खान्यात खूण केली की कॉम्प्युटर त्या गाडीला पुकारत नव्हता. मी रोज सांजेला पेनड्राइव्ह खिशात घालून घरी जायचो. बायको म्हणायची, "हे काय नवीन ताईत बांधून राह्यले?" एक-दोन वेळा ऑफिसातून मी आणि घरून अश्विनी, दोघं सोबतच लिहायला गेलो तेव्हा डब्ब्यानं एकाला क्षणभर थांबवलं. भास्कररावांनी ते पाहिलं. "पाहा, थांब म्हनून राह्यला. यासाठीच म्या म्हनलं होतं." मला हसू आलं. वजनकाट्यावर दिवस-दिवस रांगेत उभे राहणारे आम्ही, आमची सारी रोजी थांबण्यावर, आणि पापणी लवेपर्यंत थांबलेलं चाललं नाही.

मग नागपूरहून इंजिनियर आले, भास्कररावांच्या साडूकडचे. साहेब बोलायला गोड. त्यांनी कोठार घेतलं भास्कररावांच्या नावानं, कारण संघटनेच्या नावानं घ्यायला कागदं लागतात म्हणे. पासवर्ड दोघांजवळ, एक साहेब आणि एक अध्यक्ष. पुकारणंही कॉम्प्युटरच करणार, मोबाइलवर तीनदा घंटी, उत्तर नाही तर नंबर आपोआप शेवटी, आणि पुढचं कटणंही आपोआप. अश्विनीचे खाने नव्या जागी नेताना 'थांबला' हा खाना राहून गेला. तिनं विचारलं तर साहेब म्हणाले, "तो आमच्या फॉरमॅटमध्ये नाही. गरज पडली तर बघू." फळीकडं पाहून म्हणाले, "आता हे भंगार काढून टाका."

मी काढलं नाही. फळीखालीच माझी खुर्ची टाकून बसलो, आणि मोबाइलवर काहीही हलो, माझ्या पाट्या मी हलवत राहिलो. लोक हसायचे. त्यांचं हसणं मला नवीन नव्हतं.

इथं अश्विनीनं टाइप करणं थांबवलं. म्हणाली, "काकाजी, हे लिहा की मोठा डाटाबेस वाईट नाही. त्याच्यातही तो खाना करता आला असता, अर्ध्या घंट्याचं काम." मी लिहितो, कारण ती म्हणते. पण माझं मत वेगळं आहे आणि ते बदललेलं नाही. डब्बा असता तर तो खाना काढायला कोणाला तरी माझ्या समोर यावं लागलं असतं.

मग किसन गेला. किसन मुकुटबनकडचा, एका गाडीचा धनी आणि स्वतःच ड्रायव्हर. वजनकाट्याच्या रांगेत छातीत दुखतं म्हणाला, दवाखान्यात नेता नेता संपला. गाडी भरलेली तशीच रांगेत उभी होती. ती दुसऱ्यानं नेऊन खाली केली. त्या दिवशी मी स्टुलावर चढलो आणि विचारलं, "किसनची पाटी उलटी करतो, कोणाची हरकत?" सारा अड्डा गप. भास्कररावांनी टोपी काढली. त्यांचे डोळे ओले होते, हे मी पाहिलं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणूनच पुढचं जास्त लागते.

मी सांगितलं होतं की मोबाइलवरही काहीतरी करा. भास्करराव म्हणाले, "सायबाले सांगतो." सांगितलं की नाही मला ठाऊक नाही. किसनचा मोबाइल तर त्याच्यासोबतच बंद झाला होता. कॉम्प्युटर त्यावर घंटी देत राहिला. तीनदा दिली, नंबर गेला. परत वर आला, परत तीनदा. माझ्या फळीवर पाटी पहिल्या खिळ्यावर येऊन उलटी थांबलेली, आणि मोबाइलच्या यादीतून एक दिवस किसनची गाडी नाहीशी झाली.

सुमनबाई, किसनची बायको, कार्य उरकून आली ती भावाला सोबत घेऊन. तिनं भावाला गाडीवर बसवायचं ठरवलं होतं. गाडी धुतलेली, ताडपत्री घडी करून बांधलेली. शेडमध्ये आली आणि आधी फळीकडं पाहिलं.

"मुन्शीभाऊ, पाटी तं उलटीच हाय ना?"

"उलटीच हाय, बाई. पहिल्या खिळ्यावर."

"मंग खेप लिवा आमची."

खेप माझ्या हातात नव्हती. भास्कररावांनी साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. साहेब म्हणाले, "ती एंट्री डिलीट झाली आहे. डिलीट झालेली एंट्री सिस्टीम परत घेत नाही. नवीन मेंबर म्हणून टाकायची तर नवीन मेंबर बंद आहेत."

सुमनबाई त्या फोनलाच म्हणाली, "मी कुठी नवीन हाव जी? थेच गाडी हाय."

अश्विनीला बोलावलं. ती म्हणाली, "बॅकअप असंन तं एका सांजेचं काम हाय. बॅकअप मागा." मी माझ्या खिशातला पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. त्यात डब्बा होता, डब्ब्यात किसन होता. साहेब म्हणाले, जुनं चालत नाही. भास्करराव म्हणाले, "बॅकअपचं मी बोलतो." अशी कामं आमच्याकडं 'बोलतो' म्हटलं की तिथंच बसतात.

मी मीटिंग बोलवायला लावली. स्टुलावर चढून नाही, खाली उभा राहून बोललो. म्हणालो, ही पाटी कोणी उलटी पाहिली नाही ते सांगा. टोपी कोणी काढली नव्हती ते सांगा. सारे मोबाइलमध्ये पाहत होते. मोबाइलमध्ये तेव्हा काय दिसत होतं मला माहीत नाही, पण फार काही दिसत असावं. शेवटी एकजण म्हणाला, "मुन्शीजी, गोठ बरोबर हाय तुमची. पन पाट्यायची फयी आता रेकॉर्ड नाही ना." त्याच्या बापाची पाटी मी स्वतः उलटी टांगली होती. एक नाव कमी झालं की बाकीच्यांचा नंबर लवकर येतो, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती. यादी ज्याच्या त्याच्या हातात होती.

सुमनबाई जाताना माझ्याजवळ थांबली. मला वाटलं ती माझे आभार मानेल. म्हणाली, "भाऊ, तुमी इमानदार हा. पन तुमची इमानदारी पाटीसारखी खियाले टांगून हाय. माह्या गाडीचं चाक थे फिरवत नाही."

 

उन्हाळाभर गाडी तिच्या दारात उभी होती. संघटनेत नंबर नाही तर कोळशाची गाडी कोणाच्या कामाची? तिनं ती विकली. कोणाला, ते तिलाही नीट माहीत नव्हतं. मधे एक दलाल होता. तिचा भाऊ परत वावरात गेला. ती मुकुटबनलाच आहे. मला पाहिलं तर पदर सारखा करून बाजूनं निघून जाते, आणि मी तिला हाक मारत नाही.

पुढं एका सकाळी मी अड्ड्यावर आलो तर पोरं मोबाइल पाहत घोळका करून उभी. एकानं माझ्यासमोर मोबाइल धरला. यादीत किसनची गाडी होती. तोच गाडीचा आकडा. शेवटी नाही, नवीन मेंबर म्हणूनही नाही. यादीत अगदी वर, माझ्या फळीवर जिथं तिची उलटी पाटी होती तिथंच. धन्याच्या खान्यात भास्कररावांच्या पोराचं नाव.

मी साहेबांना फोन लावला, माझ्या बटनाच्या मोबाइलवरून. विचारलं, "साहेब, सिस्टीम घेत नव्हती ना?"

ते म्हणाले, "काका, ते बॅकअपमधून घेतलं. काही अडचण आहे का?"

अडचण काही नव्हती. गाडी होती, नंबर होता, खाना होता. एवढे दिवस सारं तिथंच होतं, कोठारात, जागच्या जागी. फक्त दरवाजा कोणासाठी उघडायचा एवढंच ठरायचं होतं.

थोड्या वेळानं भास्करराव आले. शेडमध्ये सारे जमलेच होते. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, "मुन्शीजी, थे पाटी सुलटी करून टाका आता. बरं नाही दिसत."

मी म्हणालो, "रीतीनं करतो."

स्टूल ओढलं. मोडलेला पाय वर घ्यायला वेळ लागतो. कोणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. वर उभा राहिलो, पाटीला हात न लावता साऱ्यांकडं पाहिलं आणि रीतीप्रमाणं मोठ्यानं विचारलं, "किसनची पाटी सुलटी करतो, कोणाची हरकत?"

एकानं जरी हरकत घेतली असती तर. एकानंच. मायगेला बंडूनं घेतली असती तरी मला पुरलं असतं. तो तिथंच खांबाला टेकून उभा होता. सारे गप होते. पहिल्यापासून गपच राहायचे ते, पाटी उलटी करतानाही असेच गप राहायचे. इतकी वर्षं त्या गप राहण्याला मी काय समजून बसलो होतो, कोणास ठाऊक.

मी परत विचारलं. बाहेर एक गाडी स्टार्ट झाली आणि बंद पडली.

मी तिसऱ्यांदा विचारलं. भास्करराव म्हणाले, "अजून किती इचारता बापा?"

अड्ड्याचा नियम कडक होता. तीनदा पुकारायचं. तीनदा पुकारून जो हजर नाही, त्याचा नंबर गेला. मी तीनदा पुकारलं, आणि त्या शेडमध्ये कोणीच हजर नव्हतं. पाटी तशीच उलटी राहू दिली. स्टुलावरून उतरलो, चप्पल घातली, आणि घरी आलो.